नुसत्या नकाशाचे अठरा हजार

कोल्हापुरात घराच्या वाढीव कामाला नुसता लेआउट काढून घ्यायचे वेगळे पैसे देणारी माणसं कमी. कॉन्ट्रॅक्टर धरायचा, तो डायरीच्या मागच्या पानावर दोन चौकोन काढतो, ‘वैनी, इथं गॅस, इथं बेसिन’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विटांची गाडी येते. मॉड्युलर किचनचं दुकान तर थ्री-डी चित्र फुकटच देतं. म्हणून मी फक्त लेआउटसाठी आर्किटेक्टला १८ हजार रुपये दिले म्हटल्यावर थोरल्या दिरांनी विचारलं, ‘सोन्याच्या शाईनं काढलाय काय?’

साध्याच शाईनं काढलाय. तरी त्या सेवेला मी पाचापैकी चार देते. साखर कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी झाल्यामुळे पैसे कुठे गेले आणि त्याबदल्यात काय आलं, हे पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. आर्किटेक्ट बाईंना या लिखाणात मॅडमच म्हणते.

आमचं घर सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला, १९८८ चं. लोड-बेअरिंग, म्हणजे कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब. रस्ता उत्तरेला, मागचं अंगण दक्षिणेला. स्वयंपाकघर मागच्या बाजूला मधोमध, आठ बाय दहा फूट. त्या काळी बंगला बांधताना हॉल ऐसपैस आणि स्वयंपाकघर उरलेल्या जागेत, असाच रिवाज होता. पाहुणे हॉलमध्ये ऐसपैस बसायचे आणि आम्ही दोघी-तिघी आत एकमेकींच्या कोपरांना चुकवत राबायचो. मुलगा-सून पुण्याहून घरून काम करायला इकडे आले, सासूबाईंना काठी लागली, तेव्हा मागे २४ बाय १२ फुटांची वाढ करायची ठरली. त्यात स्वयंपाकघर आणि घरच्या माणसांना बसायला एक खोली. पुढचा हॉल पाहुण्यांचा, मागची खोली आपली.

आधी फुकटचं सांगते. मॉड्युलर किचनच्या एका दुकानात गेलो. चकचकीत पोरगा, मोठा टीव्ही. आम्ही मापं सांगितली आणि चहा संपायच्या आत चित्र तयार. चोवीस फुटांची एकच मोकळी खोली, मधोमध बेट, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा, बेटावर गॅस, वर लोंबणारी चिमणी, समोर राखाडी सोफा, सोफ्यावर पुस्तक वाचणारी एक बाई. सून खूश. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. पण आकडे बघायची खोड. चित्रातला तीन जणांचा सोफा मी स्केलवर मोजला तर पाच फूट भरला. आमच्या घरातला तसाच सोफा पावणेसात फूट आहे. जेवायच्या टेबलाच्या खुर्च्या टेबलात पूर्ण सारलेल्या; माणूस बसल्यावर खुर्ची मागे सरकते, तिला आणखी दोन-अडीच फूट लागतात, ते कुठेच नाहीत. फ्रीज उघडा दाखवलेला नाही. चित्रातल्या बाईला स्वयंपाक करायचाच नसावा.

दुसरी गोष्ट मॅडमनी नंतर दाखवली आणि ती मला सुचलीच नव्हती. बेटावर गॅस म्हणजे खोलीच्या मध्यावर गॅस. खोलीच्या मध्यावर आपल्याकडे काय असतं? पंखा. एप्रिल-मेमध्ये पंखा लावला की ज्योत भांड्याखालून बाजूला पळणार आणि बंद केला की सोफ्यावरचे लोक घामाघूम. शिवाय बेटापर्यंत गॅसची नळी फरशीखालून न्यायची, चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, स्लॅबखालून दहा-बारा फूट फिरवायचा. डक्ट जितका लांब आणि वळणं जितकी जास्त, तितकी चिमणीची ओढ कमी. दुकानाच्या चित्रात डक्ट छतात जाऊन अदृश्य होतो.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला कपाटं विकायची आहेत आणि बेट म्हणजे चारही बाजूंनी कपाट. त्याचा लेआउट कपाटाच्या बाजूनं विचार करतो. भिंत, वारा, उन्हं, सासूबाईंची काठी यांचं बिल तो फाडत नाही, मग तो त्यांचा विचार का करेल?

मॅडमची पद्धत निराळी. पहिल्या भेटीला टेप काढायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘सकाळी सात ते नऊ या घरात कोण कुठे असतं?’ मग दुसरा प्रश्न, ‘वर्षातला सगळ्यात जास्त धुराचा दिवस कोणता?’ या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर. कांदा-लसूण मसाल्याचा. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, खोबरं, तीळ, धणे, सगळं तेलावर भाजून डंकावर न्यायचं. मिरची भाजायला घेतली की शेजारच्या गल्लीतला माणूस शिंकतो. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या, ‘तुम्हाला उघडं स्वयंपाकघर हवंय की बंद, हे मी विचारणारच नाही. किती वेळा बंद करावं लागेल तेवढं सांगा.’ मला तिथेच बरं वाटलं. सून उघड्याच्या बाजूनं, सासूबाई बंदच्या बाजूनं, आणि आमचे हे ‘जे काय ते लवकर करा’ या बाजूनं. त्या प्रश्नानं घरातलं भांडण निम्मं मिटलं.

नंतर त्यांनी अंगणात उदबत्ती लावली. मला वाटलं, वास्तुपूजनच मांडतायत की काय. पण त्या धुराकडे बघत होत्या. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारपासून पावसाळा संपेपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून. मग स्वयंपाकघर पश्चिमेच्या टोकाला ठेवलं तर फोडणीचा वास बसायच्या खोलीतून फिरून घरभर जाणार. पूर्वेच्या टोकाला ठेवलं तर वारा आधी बसायच्या खोलीत शिरेल, मग ओट्यावरून जाईल आणि वास घेऊन पूर्वेच्या खिडकीतून बाहेर पडेल. वाढीव भागाचं पूर्वेकडचं टोक म्हणजे घराची आग्नेय दिशा. सासूबाई म्हणाल्या, ‘मी तेच सांगत होते.’ मॅडम हसून म्हणाल्या, ‘आजी, तुमचं आणि माझं जमलं.’ वास्तुशास्त्रावरून वाद न घालता हे मिटवणारी आर्किटेक्ट मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यांनी तीन लेआउट दिले. पहिल्यात स्वयंपाकघर होतं तिथेच ठेवून मागे फक्त बसायची खोली. सगळ्यात स्वस्त, नळ-ड्रेनेज हलवायचं नाही. पण स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी मागे उघडते. मागे खोली बांधली की ती खिडकी खोलीत उघडणार. उजेड गेला, वारा गेला. मागे वाढ करणाऱ्या बऱ्याच बंगल्यांचं हेच होतं. नवी खोली छान होते आणि तिच्यामागे घराच्या पोटात एक अंधारी खोली तयार होते, जिथे दिवसाही ट्यूब जळते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किती पट असावं ते हवामानाप्रमाणे दिलेलं आहे. उष्ण-कोरड्या भागात एक-दशांश, उष्ण-दमट भागात एक-षष्ठांश. त्या हिशेबानं आठ बाय दहाच्या खोलीला निदान आठ चौरस फूट खिडकी हवी. पहिल्या लेआउटमध्ये ती शून्य होत होती आणि मॅडमनी त्या कागदावर स्वतःच लाल पेनानं शून्य लिहून दिलं होतं. आपल्याच नकाशातला दोष लिहून देणं मला फार आवडलं. आमच्या कारखान्यात ऑडिटर असं करायचे, ठेकेदार कधी नाही.

दुसरा लेआउट इंग्रजी एल अक्षराचा ओटा, दक्षिण आणि पूर्व भिंतीला धरून, बाकी सगळं मोकळं. सुनेचा आवडता. दिसायला प्रशस्त. पण एलच्या कोपऱ्यातल्या कपाटात हात पोचत नाही, तिथे फिरती जाळी बसवायची तर ती महाग, आणि मिरचीच्या फोडणीला खोलीभर ठसका.

तिसरा घेतला. तो नीट सांगते, कारण पैसे त्याचेच दिले असं मी धरते.

पूर्वेला आठ फूट रुंद स्वयंपाकघर, मग सहा इंची अर्धी भिंत, मग चौदा फूट बसायची खोली. आठ, अर्धा, चौदा म्हणजे साडेबावीस, दोन टोकांच्या नऊ इंची भिंतींचा दीड फूट, झाले चोवीस. बेरीज बसली तेव्हाच मी निम्मी पटले होते. अर्ध्या भिंतीची उंची साडेतीन फूट, तिच्यावर सरकत्या काचा. उघडल्या की एक खोली, लावल्या की दोन.

स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे, प्रत्येकी दोन फूट खोल, मधे चार फूट. चार फूट म्हणजे एकीनं भाजी परतताना दुसरी तिच्या पाठीमागून गरम कुकर घेऊन जाऊ शकते. तीन फूट ठेवले असते तर मालवाहतूक बंद. पाच ठेवले असते तर दर वेळी एक पाऊल जास्त, आणि दिवसभरात त्या पावलांची गणती कोण ठेवतंय?

पूर्वेच्या ओट्यावर गॅस आणि बेसिन. म्हणजे गॅसजवळ उभं राहिलं की बसायच्या खोलीकडे पाठ. सुनेचा इथे आक्षेप होता. सगळीकडे आता स्वयंपाक करणारी बाई घरच्यांकडे तोंड करून उभी असते ना! मॅडमनी तिला विचारलं, ‘फोडणीला किती वेळ लागतो?’ पाच मिनिटं. ‘आणि मेथी निवडायला?’ मुद्दा तिथेच संपला. गॅससमोर आपण थोडा वेळ असतो आणि तेव्हा लक्ष कढईत असतं. निवडणं, चिरणं, खवणं, मळणं, पोळ्या लाटणं, डबे भरणं यात तास जातात, आणि तेव्हाच बोलायला माणूस हवं असतं. म्हणून लोकांकडे तोंड असलेला ओटा चिरण्या-मळण्याचा, अर्ध्या भिंतीला लागून. तेल उडणारा ओटा भिंतीकडे तोंड करून. दुकानाच्या बेटावर नेमकं उलटं होतं. कढईतलं तेल सोफ्याकडे आणि मेथीची जुडी भिंतीकडे.

आणखी एक, ओट्याची उंची. बऱ्याच ठिकाणी सरसकट ३४ इंच करतात. चिरायला ती बरोबर, पण भाकरी थापायला खांद्याचा जोर खाली यावा लागतो, तिथे उंच ओटा दंडाला भरून आणतो. आणि ओट्यावर शेगडी ठेवली की पातेल्याचं तोंड आणखी सात-आठ इंच वर. माझ्यासारख्या पाच फुटी बाईला मटणाच्या पातेल्यात डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. मॅडमनी माझ्या, सुनेच्या कोपराची जमिनीपासून उंची मोजली आणि तीन उंच्या दिल्या. चिरायला ३४, गॅसखालचा तुकडा ३०, आणि अर्ध्या भिंतीच्या टोकाला तीन फूट लांबीचा २९ इंची तुकडा भाकरीला. त्याच्याखाली कपाट नाही, स्टूल सरकवायला मोकळी जागा. सासूबाई तिथे बसून लसूण सोलतात आणि काचेच्या फटीतून मालिका बघतात. ग्रॅनाइटवाला कुरकुरला, तीन उंच्या म्हणजे तीन ठिकाणी सांधे, तीन ठिकाणी पॉलिश. त्याला सांगितलं, बाबा, बिल लाव पण कर.

मधे एकदा मी इंटरनेटवर वाचलेला ‘कामाचा त्रिकोण’ त्यांच्यापुढे टाकला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात ठरलेला नियम. शेगडी, बेसिन आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी. आमची १७ भरते. त्या म्हणाल्या, ‘भरू दे, चांगलंच आहे. पण तो नियम एकटीनं स्वयंपाक करणाऱ्या घरासाठी आहे. तुमच्याकडे फ्रीजपेक्षा पिठाच्या डब्याकडे जास्त चकरा होतात.’ मग त्यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराचं सांगितलं. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी १९२६ मध्ये कामगारांच्या वसाहतींसाठी केलेलं. जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं, पावलं मोजून आखलेलं, आणि त्याला बसायच्या खोलीकडे सरकतं दार, आईला तिकडची पोरं दिसावीत म्हणून. म्हणजे आमची सरकती काच शंभर वर्षं जुनी निघाली. दिरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग शंभर वर्षांपूर्वीचे दर लाव म्हणावं.’

लेआउट कागदावर पास केला नाही. मॅडमनी मिस्त्रीकडून फक्की, म्हणजे रेघा मारायची पांढरी पूड, मागवली आणि अंगणात खऱ्या मापानं लाइनआउट पाडला, ओट्यांसकट. फ्रीजच्या जागी खोकं, सोफ्याच्या जागी घरातल्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मग आम्हाला म्हणाल्या, ‘आता चहा करा.’ आम्ही सगळ्या जणी अंगणात खोटा चहा केला. शेजारच्या वहिनी गच्चीवरून बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. पण त्या खेळात दोन गोष्टी कळल्या. फ्रीज आतल्या टोकाला होता. मुलगा पाणी घ्यायला आला की प्रत्येक वेळी आमच्या मधून. तो काढून दाराच्या तोंडाशी आणला. आता पाण्याच्या बाटलीसाठी कोणी ओट्यांमधे येत नाही. दुसरं, सासूबाईंना काठीसह वळता येत नव्हतं, म्हणून बसायच्या खोलीतून येणारं दार अडीच फुटांचं होतं ते तीन केलं आणि उंबरा काढला. हे दोन्ही बदल फक्कीत झाले म्हणून फुकट. विटेत झाले असते तर मी किंमत सांगितली असती.

जुन्या स्वयंपाकघराचं जेवणघर झालं. त्याची मागची भिंत सहा फूट उघडून ते नव्या खोलीला जोडलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, ‘ही भिंत काय, दोन दिवसांत उडवतो.’ लोड-बेअरिंग घरात भिंत उडवायची म्हणजे तिच्यावरचा स्लॅब हवेत. मॅडमनी हात जोडून सांगितलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हातोडा लावायचा नाही. त्यांचे सात हजार वेगळे. त्यांनी दोन्ही बाजूंनी टेकू लावून, आधी वर लोखंडी गर्डर बसवून, मग खालच्या विटा काढायला लावल्या. नव्या भागाला स्वतःचे कॉलम आणि स्वतःचा पाया, खाली मुरूम लागेपर्यंत खोल. काळ्या मातीत जुनं आणि नवं बांधकाम सारखं बसत नाही. दोन्ही घट्ट एकमेकांत गुंतवली की पहिल्या-दुसऱ्या वर्षी सांध्यावर भेग पडते. म्हणून मधे मुद्दाम फट सोडून ती वरून पत्र्यानं झाकली आहे.

आता उजेड. नव्या खोलीचं छप्पर जुन्या स्लॅबपेक्षा दोन फूट वर उचललंय आणि त्या दोन फुटांत उत्तरेकडे तोंड करून लांबच लांब झरोका. इचलकरंजीतल्या मागांच्या जुन्या शेडना असायचा तसाच. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा, ऊन आत फारसं येत नाही, आणि पश्चिम-नैर्ऋत्येचा पाऊस तिथे थेट झोडपत नाही. जेवणघरात दुपारी चारपर्यंत दिवा लागत नाही. दक्षिणेची खिडकी मोठी, वर दोन फुटी छज्जा. दक्षिणेकडून ऊन येईल म्हणून मी घाबरत होते. पण मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतं ते थंडीत, हवं तेव्हा. त्रासाची खिडकी पश्चिमेची. ती छोटी आणि उंच ठेवली, वाऱ्यापुरती. टीव्ही त्याच भिंतीवर लावलाय, म्हणजे संध्याकाळची तिरीप टीव्हीवर पडत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत येते. यावर पडदा हाच उपाय, आणि तो पडदा मला निवडावा लागला.

स्वयंपाकघराच्या दक्षिणेला, दाराबाहेर, पाच फुटांची झाकलेली मोरी आणि कडाप्प्याचा बुटका ओटा. खरकटी भांडी तिथे, दुसरी शेगडी तिथे, मिरची तिथे. महानगरपालिकेची परवानगी घेताना मागे सोडायच्या जागेत ही मोरी बसते का, हे मॅडमनी आधीच तपासलं होतं. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीचं पान उघडून मला दाखवलं. सिलिंडर पूर्वेच्या बोळात, जाळीच्या कपाटात, तांब्याची नळी भिंतीतून आत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून कपाटाची जाळी तळाशी. फुकटच्या चित्रात सिलिंडरच नव्हता. बेटाच्या पोटात कुठेतरी असणार.

आता तो एक मार्क.

मॅडमच्या फीमध्ये दोन फेरबदल धरलेले होते. तिसऱ्याला अडीच हजार लागले. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार अशी की विजेच्या पॉइंटचं ड्रॉइंग ‘लेआउट’मध्ये मोडत नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मागितल्यावर वेगळे चार हजार सांगितले आणि ते आलं प्लास्टर निम्मं झाल्यावर. मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर, घरघंटी हे सगळं ओट्यावर कुठे बसणार ते लेआउटमध्येच ठरतं, मग त्यांचा प्लग वेगळ्या बिलात का? भिंत दोन ठिकाणी पुन्हा फोडली.

दुसरं, ड्रॉइंग सगळं मिलिमीटरमध्ये. आमचा मिस्त्री फूट-इंचवाला. ९१४ म्हणजे तीन फूट, हे त्याला रोज कोणी सांगायचं? मी सांगायचे. शेवटी मीच एका कागदावर दोन्ही मापांचा तक्ता करून भिंतीला डकवला. व्हॉट्सअॅपवर उत्तर यायला कधी कधी दीड-दोन दिवस, आणि सेंट्रिंगवाले कामगार तर तासाभरात उत्तर मागतात.

तिसरं, त्या सरकत्या काचा. कल्पना उत्तम, पण खालचा ट्रॅक अर्ध्या भिंतीच्या माथ्यावर, म्हणजे पीठ मळायच्या ओट्याच्या अगदी काठाला. त्यात पीठ जातं, जिरं जातं, मग पाणी लागलं की लगदा होतो. आठवड्याला जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. वरून टांगलेल्या काचा घेतल्या असत्या तर हे टळलं असतं, आणि ते सुचवणं आर्किटेक्टचं काम होतं. फॅब्रिकेटर आता बदलून द्यायला तयार आहे, पण काचेचा खर्च पुन्हा.

काचा प्रत्यक्षात किती वेळा लावतो? वाटलं होतं त्यापेक्षा कमी. रोजच्या फोडणीला चिमणी आणि पूर्वेची खिडकी पुरते. लावतो त्या सुक्या बोंबलाला, ठेच्याला, आणि सुनेची ऑफिसची मीटिंग चालू असताना कुकर लावला तर. ती बसायच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसते आणि बोटानं खूण करते, की मी काच ओढते. पहिल्या पावसाळ्यात सांध्यावर पाणी आलं नाही. मिरची बाहेरच्या शेगडीवर भाजली आणि आत बसलेल्यांपैकी फक्त आमचे हे शिंकले, त्यांना कशानंही शिंका येतात.

फक्त मापं घेऊन आडवा ओटा टाकायचा असेल, भिंत पाडायची नसेल, खिडकी अडत नसेल, तर १८ हजार घालवू नका. चांगला मिस्त्री पुरतो. भिंत पाडणार असाल किंवा जुन्या खोलीची खिडकी झाकली जाणार असेल, तर घाला. आणि दुकानाचं फुकटचं चित्रही जरूर घ्या, कपाटाच्या कप्प्यांच्या कल्पना त्यांच्याकडे चांगल्या असतात. आमच्या पूर्वेच्या ओट्याखालचे ड्रॉवर त्याच दुकानाचे आहेत, आणि त्यांची घासाघीस मी केली आहे.

पुढच्या वर्षी वर एक खोली चढवायचा विचार चालू आहे. मॅडमनाच बोलावणार. फक्त या वेळी कोटेशनवर सही करायच्या आधी त्यात तीन ओळी माझ्या हातानं घालणार. विजेचं ड्रॉइंग फीमध्ये, मापं फूट-इंचात, आणि काम चालू असताना उत्तर त्याच दिवशी.